सोबत कोण आलंय?

आमच्या संस्थेच्या अर्जात शेवटून दुसरा प्रश्न असा आहे : ‘आपल्याला हे काम का करावेसे वाटते?’ त्याखाली पाच चौकटी. समाजाचे ऋण, वेळेचा सदुपयोग, नव्या ओळखी, स्वतःला आलेला अनुभव, इतर. हा अर्ज मीच तयार केलेला असल्यामुळे या पाच चौकटींबाहेर माणसाकडे कारण असूच शकत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. शालन घोरपडे यांनी पहिल्या दिवशी पाचही चौकटींत खुणा केल्या, अर्ज माझ्याकडे सरकवला, परत ओढून घेतला आणि खोडरबर आहे का म्हणून विचारलं. पेनाच्या खुणा खोडरबराने जात नाहीत असं मी सांगितल्यावर म्हणाल्या, मग राहू दे तसंच, पण यातलं एकही खरं नाही.

त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात त्यांच्या मुलाची मानेसरहून चाकणला बदली झाली आणि घोरपडेमावशी त्याच्याबरोबर महाराष्ट्रात गेल्या. त्यांची फाइल बंद करायला घेतली तेव्हा तो अर्ज पुन्हा हातात आला. त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही. हे लिहून काही उलगडेल अशी आशा आहे, खात्री नाही.

आमची संस्था गुरुग्रामला आहे. दिल्लीत आणि आसपास एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हॉस्पिटलात जाताना सोबत द्यायची, एवढंच आमचं काम. ऐकायला किरकोळ वाटतं. पण इथल्या कुठल्याही हॉस्पिटलच्या खिडकीवर पहिला प्रश्न येतो, ‘साथ में कौन है?’ आणि त्याला उत्तर नसेल तर साधी डोळ्यात थेंब घालायची तपासणीही पुढच्या तारखेवर जाते. सोबत जाणारे आमचे बहुतेक लोक स्वतःच साठी-सत्तरीचे आहेत, आणि एक पैसा न घेता हे करतात. मी पगार घेते. मी बार्शीची. यूपीएससीसाठी दिल्लीत मुनिरक्याच्या एका खोलीत पाच वर्षं काढली, चार वेळा परीक्षा दिली, यादीत नाव काही आलं नाही. गावी तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून इथेच नोकरी धरली. त्यामुळे फुकट काम करणाऱ्या माणसांकडे मी जरा संशयानेच बघते. यांना नक्की हवंय काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

मावशी मूळच्या माण तालुक्यातल्या. शिक्षण सातवी. नवरा फौजेत हवालदार होता. त्याच्यामागे छावण्या-छावण्यांतून वीस-बावीस वर्षं हिंडल्या, तो गेल्यावर मुलाकडे गुरुग्रामला आल्या. चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट, मुलगा पहाटे कंपनीच्या बसने मानेसरला, सून लॅपटॉपवर, नात शाळेत. घरात त्यांना कसलीच ददात नव्हती, हे त्याही सांगायच्या आणि सूनबाईही सांगायची. सूनबाईने तर मला एकदा फोनवर विचारलंच, “आईंना आम्ही काही कमी करतो का हो? मग हॉस्पिटलं कशाला फिरायची?” तिचा आवाज रागाचा नव्हता. तीही बुचकळ्यातच पडली होती, माझ्यासारखी.

मुलाचा विरोध होता. एकट्या आईने मेट्रोने दिल्लीला जायचं हे त्याला पटत नव्हतं. मग मावशींनी आमच्या संस्थेचं ओळखपत्र त्याच्यासमोर ठेवलं. निळी फीत, फोटो, खाली माझी सही. फौजेत वाढलेल्या पोराला कागदाची आणि शिक्क्याची किंमत कळते. त्याचा विरोध मावळला. त्या दिवसापासून ते कार्ड म्हणजे मावशींचा चौदाव्या मजल्यावरून खाली उतरायचा परवाना होता. गळ्यात कार्ड असलं की त्या ड्यूटीवर, नसलं की नुसती एक म्हातारी. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, पहिल्याच महिन्यात, हसत हसत.

आता त्यांची पद्धत सांगते. मी सगळ्या स्वयंसेवकांना दोन तासांचं प्रशिक्षण देते. पेशंटचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्यावं, भेटल्यावर आधी नावाची खात्री करावी, हॉस्पिटलात फोन आवाज बंद करून ठेवावा, वगैरे. मावशींनी त्यातलं फोनचं तेवढं मनावर घेतलं. बाकीच्याला त्यांची मान डोलायची, पण स्वारी आपल्याच चालीने चालायची. हॉस्पिटलच्या हॉलमध्ये शिरल्यावर त्या दारापाशी उभ्या राहायच्या आणि नुसतं बघायच्या. त्यांचा एक सिद्धान्त होता. एकटं आलेलं माणूस बाहेरच्या दाराकडे बघत बसतं आणि सोबत आलेलं माणूस आतल्या दाराकडे. बाहेरच्या दाराकडे कोण बघतंय ते हेरायचं, सरळ जाऊन शेजारी बसायचं आणि म्हणायचं, “फिकर मत करो जी, मैं आ गई.” नावगाव मागाहून.

मी त्यांना हटकलं होतं. एखाद्या दिवशी भलत्याच्याच शेजारी जाऊन बसाल, म्हटलं. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं बसतेय, एकदाही चुकले नाही.

त्यांच्या कापडी पिशवीत एक घडी केलेली चादर, भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, सेफ्टी पिनांचं पाकीट आणि चार-पाच धुतलेले मोठे रुमाल असत. रुमाल कशाला, ते मी एकदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा कळलं. ऑपरेशनला आत नेताना माणसाच्या अंगावरचं सगळं काढून घेतात. चष्मा, दात, कानातलं यंत्र, अंगठी, चपला. ते सगळं मावशी रुमालात बांधून मांडीवर घेऊन बसायच्या. शेजारची खुर्ची रिकामी असली तरी चपला मांडीवरच. खाली ठेवा की, असं म्हटलं तर ऐकायच्या नाहीत. बाहेर आल्यावर माणूस पहिल्यांदा आपली वस्तू शोधतो, मग माणसं, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी आत गेले होते मल्होत्रा नावाचे निवृत्त ब्रिगेडियर. सहा फूट उंच, घोगरा आवाज, दोन्ही मुली परदेशात. त्यांची कवळी मावशींच्या रुमालात. मावशी मला हळूच म्हणाल्या, “आमचे हे असते तर या माणसासमोर सलाम ठोकून उभे राहिले असते. आणि मी बघ, त्याचे दात धरून बसलेय.” आणि इतक्या हसल्या की समोरची नर्स बघायला लागली.

हॉस्पिटलच्या अर्जात ‘पेशंटशी नाते’ असा रकाना असतो. तिथे ‘स्वयंसेवक’ लिहावं अशी माझी सूचना आहे. मावशींनी सहा वर्षांत ती एकदाही पाळली नाही. त्या ‘बहन’ लिहायच्या. खिडकीवरचा कारकून कागद वरखाली करून म्हणाला, मल्होत्रासाहेबांची बहीण घोरपडे कशी? मावशी शांतपणे म्हणाल्या, “शादी हो गई ना, भैया. नाम बदल गया.” त्याने शिक्का मारला. अन्सारी म्हणून एक निवृत्त प्राध्यापक होते, त्यांच्याही त्या बहीणच, आणि उत्तर तेच. मी परतताना मेट्रोत सांगितलं की असं खोटं लिहिणं संस्थेला अडचणीत आणू शकतं. मावशींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, हॉस्पिटलच्या कँटीनमधला ब्रेड पकोडा तू खाल्लास का? मी नाही म्हटलं. मग तू आलीस कशाला, असं त्या म्हणाल्या.

दर वर्षी आमच्या संचालकबाईंना अहवालासाठी एक पान लागतं : आपले ज्येष्ठ स्वयंसेवक हे काम का करतात. मी सगळ्यांना विचारते. लोक फार चांगली उत्तरं देतात. समाजाने इतकं दिलं, आता परत करायची वेळ आहे, वगैरे. मावशी दर वेळी निराळंच सांगायच्या. एका वर्षी, ब्रेड पकोड्यासाठी. एका वर्षी, घरात मला कुणी काही विचारत नाही आणि तिथे सगळे विचारतात, बाथरूम कुठे, एक्स-रे कुठे, म्हणून. एका वर्षी त्यांनी बिमलाची गोष्ट सांगितली, आणि मला वाटलं, सापडलं.

ती गोष्ट अशी. नवरा सीमेवर गेला की फौजेतल्या बायका-मुलांना राहायला वेगळी क्वार्टर्स मिळतात. ओळीने घरं, आणि एकाही घरात पुरुष नाही. मराठी, गढवाली, पंजाबी, मद्रासी, सगळ्या बायका एका भिंतीच्या अंतरावर. तिथे रिवाज होता की कुणाला हॉस्पिटलात जायची वेळ आली तर तिने लाटण्याने भिंतीवर तीन ठोके मारायचे. जिला ऐकू येईल तिने पोळ्या टाकून, पोरं दुसरीकडे सोपवून निघायचं. का, कसं, किती वेळ लागेल, काही विचारायचं नाही. मावशींना पहिल्या खेपेला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. त्यांनी ठोके मारले आणि शेजारची गढवाली बिमला आली. मुलगी झाली ती गेली. बिमला दोन दिवस मावशींच्या उशाशी बसून होती, मावशींच्या चपला मांडीवर घेऊन, कारण हॉस्पिटलातून चपला चोरीला जायच्या. “तिचे उपकार कुठे फेडणार मी? ती कुठे, मी कुठे. म्हणून दुसऱ्यांचं करते,” असं त्या म्हणाल्या.

मी त्या रात्रीच ते पान लिहून टाकलं. संचालकबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी छापून आणलेल्या अहवालात पहिल्या पानावर घेतलं. मावशींना मी ते मराठीत वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, छान लिहिलंयस, पण असं नव्हतं ते.

पुढे दोनेक महिन्यांनी मेट्रोत, गर्दीत, उभ्या उभ्या त्यांनी मला तीच गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी कळा बिमलाला सुरू झाल्या होत्या. ठोके ऐकून मावशी गेल्या, दोन दिवस बसल्या, मुलगी बिमलाची गेली. पहिल्यांदा सांगताना ही गोष्ट अंबाल्यात घडली होती, आता झाशीत घडली. मी गोंधळून विचारलं, मावशी, तुम्ही तर उलटं सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की चूक माझीच असावी. म्हणाल्या, “आगं, एकीला झालं काय नि दुसरीला झालं काय. भिंत एकच होती.”

मला राग आला. छापलेल्या पानाचं आता करायचं काय? पण रागापेक्षा जास्त मी भांबावले होते. कोणी थापा मारतं तेव्हा ते चेहऱ्यावर दिसतं, निदान मला दिसतं असा माझा समज आहे. मावशींच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. त्या स्टेशनचं नाव वाचायच्या प्रयत्नात होत्या आणि त्यांनी मला विचारलं, कुठलं आलं गं हे?

आता वाटतं, ते तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. गेल्या वर्षभरात त्या चिठ्ठी हातात घेऊन मला फोन करायच्या आणि म्हणायच्या, नाव पुन्हा एकदा सांग बाई, तुझं अक्षर लागत नाही. मी चिठ्ठ्या छापील द्यायला लागले तरी फोन यायचेच. एकदा त्या एक स्टेशन आधी उतरून उन्हातून चालत गेल्या. पायऱ्या उतरताना आधी पायाने चाचपायच्या. मी हे सगळं वयावर ढकललं. आमच्या वार्षिक अर्जात ‘प्रकृती’ असा रकाना आहे, त्यात त्यांनी ‘ठणठणीत’ लिहिलं होतं आणि मी सही केली होती.

मग गेल्या हिवाळ्यात तो दिवस आला. सक्सेना आंटी नावाच्या एक निवृत्त गणिताच्या शिक्षिका द्वारकेला एकट्या राहतात. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्या रिक्षाने येणार, मावशी त्यांना हॉलमध्ये भेटणार, संध्याकाळी घरी पोचवणार, असं ठरलं होतं. दिवसभर धुकं होतं. अकरा वाजता सक्सेना आंटींचा मला फोन आला की कोणीच आलेलं नाही. मी मावशींना फोन लावला. उचलला नाही. बारा वेळा लावला. फोनचा आवाज बंद होता, माझ्याच प्रशिक्षणाप्रमाणे. दीड वाजता हॉस्पिटलने सक्सेना आंटींना सांगितलं की सोबत कोणी नसेल तर ऑपरेशन होणार नाही, आणि दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. त्या घरी गेल्या. मी हॉस्पिटलकडे निघाले तर एक्स्प्रेसवेवर धुक्यामुळे गाड्या तुंबलेल्या. मावशींना काही झालं असेल या भीतीने मी पुन्हा पुन्हा फोन लावत होते.

मावशींना काहीही झालेलं नव्हतं. त्या सकाळी साडेआठपासून त्याच हॉलमध्ये, सक्सेना आंटींपासून पंधरा-वीस खुर्च्यांवर, नेगी नावाच्या एका भलत्याच आंटींच्या सोबत होत्या. नेगी आंटींचंही त्याच दिवशी डोळ्याचं ऑपरेशन होतं, त्यांच्याहीबरोबर कोणी नव्हतं, आणि त्या बाहेरच्या दाराकडे बघत होत्या. मावशी जाऊन शेजारी बसल्या. या वेळी त्यांनी खात्रीही करून घेतली, माझ्या प्रशिक्षणाला स्मरून. विचारलं, आप ही के साथ आना था ना मुझे? नेगी आंटी म्हणाल्या, “हाँ बहनजी. कितनी देर कर दी.”

मग मावशींनी रकान्यात ‘बहन’ लिहिलं, सही केली, नेगी आंटींच्या बांगड्या, चष्मा आणि चपला मांडीवर घेतल्या आणि दिवसभर आतल्या दाराकडे बघत बसल्या. संध्याकाळी घरी पोचवायला रिक्षा करताना आंटींनी महिपालपूरचा पत्ता सांगितला. मावशींना द्वारका आठवत होतं. त्यांनी पिशवीतून चिठ्ठी काढून नेगी आंटींना वाचायला दिली. त्यांच्या एका डोळ्याला पट्टी. शेवटी गेटवरच्या गार्डने ती वाचली, आणि मावशींना काय झालंय ते कळलं. तरीही त्या आधी महिपालपूरला गेल्या, नेगी आंटींना खिचडी शिजवून दिली आणि मगच मला फोन केला. अर्ध्या वाटेत तिला तशी कशी सोडणार, हे त्यांचं म्हणणं.

मी नेगी आंटींनाही फोन केला. हो का म्हणालात, असं विचारलं. त्या बिचाऱ्या खूप ओशाळल्या. त्यांचा मुलगा बंगळूरला असतो. त्याला कळवलं होतं, त्याने बघतो म्हटलं होतं. त्यांना वाटलं, त्यानेच कुणाला तरी पाठवलं असेल. त्यांचं नाव सरोज होतं. हे मी मुद्दाम विचारून घेतलं, कारण नेगी हे गढवाली आडनाव ऐकून माझ्या मनात भलतंच आलं होतं. बिमला वगैरे काही नव्हतं.

सक्सेना आंटींच्या मुलाने अमेरिकेतून संचालकबाईंना फोन केला आणि जे बोलायचं ते बोलला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याची आई पाच तास एकटी बसून होती आणि आणखी दोन महिने तिला अर्धवटच दिसणार होतं. बैठक झाली. ठरलं की सत्तरीच्या पुढच्या स्वयंसेवकांनी आता हॉस्पिटलात जायचं नाही. त्यांना फोनवरून चौकशी करायचं काम द्यायचं आणि बाहेरच्या कामाचं कार्ड परत घ्यायचं. मावशी चौऱ्याहत्तरच्या. त्यांना हे सांगायचं काम माझ्याकडे आलं.

मी त्यांना ऑफिसात बोलावलं. त्यांनी सगळं ऐकलं. सक्सेना आंटींची माफी मागायला आपण द्वारकेला जाऊन आलो, असं त्यांनी सांगितलं. त्या बाईने दारातूनच परत पाठवलं, ते बरोबरच केलं, असंही म्हणाल्या. मग एकच गोष्ट मागितली.

“वैशाली, माझं नाव यादीतून काढू नकोस. फोनवर काय करू मी? फोनवर कुणाच्या चपला धरता येतात?”

मी नियम सांगत राहिले. यादीत नाव नसणं म्हणजे काय ते मला चार वेळा कळलेलं आहे, तरी मी नियम सांगत राहिले. कार्ड गेलं की त्या चौदाव्या मजल्यावर अडकणार, हे मला पक्कं माहीत होतं. मी त्यांच्याकडे न बघता टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत बोलत होते.

चार दिवसांनी त्या कार्ड द्यायला आल्या. निळी फीत साबणाने धुऊन, वाळवून, इस्त्री केलेली होती. फौजेतून निघताना मिळालेलं सामान असंच धुऊन परत करायचं असतं म्हणे. चहा मागवला तर नको म्हणाल्या, मग बसल्याच. आणि तिसऱ्यांदा बिमलाची गोष्ट सांगितली. या वेळी अगदी थोडक्यात. दुपारची वेळ होती, दोन दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, त्या घागरी भरत होत्या. भिंतीवर ठोके आले. तीन. त्यांना ऐकू आले. एवढ्या बायका आहेत, कोणीतरी जाईल, अजून दोन घागरी भरून घेऊ, असं त्यांना वाटलं. प्रत्येकीलाच तसं वाटलं असणार.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. भरल्या दोन घागरी.”

पिशवी उचलून निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, आता अहवालात हे लिहू नकोस हां. मी खिडकीतून बघितलं तर त्या ऑटोवाल्याशी भांडत होत्या, नेहमीसारख्याच.

तीन गोष्टींतली खरी कुठली? मी खूप विचार केला. तिन्ही खऱ्या असतील, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या गावांत. किंवा एकच खरी असेल आणि बाकीच्या दोन ती सोसता यावी म्हणून असतील. किंवा चौथीच काही असेल. मला हे सगळं एका चौकटीत बसवायचं होतं आणि ते बसत नव्हतं. माझ्या आईला मी हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, तुला कशाला हव्यात नसत्या चौकशा, बाई चांगली होती ना? हो, चांगली होती. पण चांगली का होती, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नव्हती, आणि अशा माणसाचं कार्ड मी काढून घेतलं होतं, याची बोचणी वेगळीच.

दोन महिन्यांनी सक्सेना आंटींची तारीख आली. आता स्वयंसेवक कोणी नको, तूच ये, असं त्यांनी बजावलं होतं, म्हणून मीच गेले. त्यांना आत नेल्यावर मी हॉलमध्ये जागा शोधत होते. तेवढ्यात खिडकीपाशी ओळखीचा आवाज आला.

मावशी आणि नेगी आंटी शेजारी शेजारी उभ्या होत्या; नेगी आंटींना मी फोनवर ऐकलेल्या आवाजावरून ओळखलं. कारकून विचारत होता, पेशंट कौन है और साथ में कौन है? मावशींनी नेगी आंटींकडे बोट दाखवलं. “पेशंट ये हैं. मैं तो साथ में आई हूँ.” नेगी आंटींनी मावशींकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, इसकी मत सुनो, पेशंट ये है. कारकुनाने फाइल उघडली. फाइल शालन घोरपडे यांची होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पूर्ण पिकलेला.

मी खांबाजवळ उभी राहिले. सहा वर्षं ही बाई दुसऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाऊन बसत होती. स्वतःचा मात्र कुणाला कळू दिला नव्हता. कळला असता तर मी त्यांचं नाव त्याच दिवशी यादीतून काढलं असतं. नक्कीच काढलं असतं. मग त्या दिवशी त्यांना चिठ्ठी वाचता आली नव्हती म्हणून घोटाळा झाला, एवढंच का ते? की नीट दिसत असतं तरी चिठ्ठी त्यांनी काढलीच नसती? हाही प्रश्न मी नंतर कितीदा स्वतःला विचारला.

पुढे व्हायला हवं होतं असं की मी जावं, बोलावं, माफी मागावी. मी जाईपर्यंत नर्स त्यांना न्यायला आली. मावशींनी चष्मा काढला, बांगड्या उतरवल्या, तोंडातली कवळी काढली, चपला काढल्या आणि एकेक वस्तू नेगी आंटींच्या हातात दिली. हिरवा डगला घालून त्या दाराशी वळल्या आणि माझ्या दिशेला बघितलं. मी हात वर केला. त्यांनी केला नाही. दिसलं नाही, की दिसलं आणि हात करावासा वाटला नाही, कोण जाणे. दार बंद झालं.

नंतर मुलाची बदली झाली, आवराआवर झाली, आणि आमची भेट राहूनच गेली. फोनवर एकदा बोलल्या. म्हणाल्या, आता सगळं लख्ख दिसतंय, चाकणलाही हॉस्पिटलं आहेत ना गं? माफीचं मी काढलं तर त्यांनी विषय बदलला. त्यामुळे माझ्याकडे त्यांचं शेवटचं म्हणून जे दर्शन आहे ते तेवढंच, वळून बघणारा बिनचष्म्याचा चेहरा.

त्या दिवशी दार बंद झाल्यावर मी नेगी आंटींपासून दोन खुर्च्या सोडून बसले. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मोठा रुमाल पसरून सगळ्या वस्तू त्यात बांधल्या, गाठ नीट बसली का ते दोनदा ओढून पाहिलं, आणि चपलांसकट ते गाठोडं मांडीवर घेऊन आतल्या दाराकडे नजर लावून बसल्या. गार्ड फेरी मारत आला. इथे फक्त नातेवाइकांनी बसायचं असतं. त्याने विचारलं, अंदर कौन है आपका?

नेगी आंटींनी दारावरची नजर न काढता सांगितलं, “छोटी बहन है. महाराष्ट्र में ब्याही थी.”

गार्डने मान डोलावली आणि तो माझ्याकडे वळला.